पवना धरणाकाठचं कॅम्पिंग: लहान मुलं बरोबर असतील तर

पुण्या-मुंबईच्या कुटुंबाला मुलांना घेऊन टेंटमध्ये एक रात्र काढायची असेल तर मावळातलं पवना धरण हे जवळचं आणि सोपं ठिकाण आहे. स्वतःचा टेंट लागत नाही, स्टोव्ह लागत नाही, पाणी वाहून न्यावं लागत नाही. ठाकूरसाई, गेव्हंडे, आपटी, फांगणे, ब्राह्मणोली अशा काठावरच्या गावांतल्या शेतांवर कॅम्प लागलेले असतात आणि पॅकेज जवळपास सगळीकडे सारखंच मिळतं. दुपारी तीन-चारला पोचायचं. आल्यावर चहा-भजी, रात्री बार्बेक्यू, मग जेवण आणि शेकोटी. सकाळी पोहे-चहा घेऊन दहा-अकराला निघायचं. माणशी साधारण हजार ते दीड हजार रुपये पडतात. शनिवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना त्याहून जास्त, ३१ डिसेंबरला तर कितीतरी जास्त. पाच वर्षांखालच्या मुलांचे पैसे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, पाच ते दहा वर्षांच्या मुलांचे निम्मे घेतात.

इथे कुठल्याही एका कॅम्पला गुण दिलेले नाहीत. शेजारी शेजारी असलेल्या कॅम्पांमध्येही खूप फरक असतो, आणि यंदा चांगला असलेला कॅम्प पुढच्या वर्षी दुसऱ्याने चालवायला घेतलेला असू शकतो. त्यामुळे ही सेवा मिळते कशी, ती कुठे कमी पडते आणि मुलं बरोबर असताना काय तपासायचं, एवढंच इथे सांगितलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. चार वर्षांच्या पुढच्या मुलांना घेऊन जरूर जावं. पण ज्याचे सगळ्यात जास्त पैसे घेतात तो ‘लेकटच’ टेंट, म्हणजे पाण्याला अगदी लागून असलेला टेंट, लहान मुलं असलेल्या कुटुंबाने घेऊ नये. मागच्या रांगेतला, निदान एक-दोन शेतं वर असलेला टेंट घ्यावा. तो दोन-तीनशे रुपयांनी स्वस्तही मिळतो.

पहिलं कारण अर्थात पाणी. पवनेचा जलाशय वरून शांत आणि उथळ दिसतो, कारण काठाला लाटा नसतात आणि उतार हळूहळू पाण्यात जातो असं वाटतं. पण पाण्याखाली गेलेली ही जमीन मुळात भातखाचरांची आहे. खाचर सपाट असतं, मग बांध येतो आणि त्याच्या पुढे एकदम खालची पायरी. गुडघाभर पाण्यात चालणारं माणूस पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जातं ते याच पायरीमुळे. वर गाळ असतो, त्यात पाय रुततो आणि मागे वळता येत नाही. इथे बुडून माणसं दरवर्षी जातात, आणि त्यांत पोहता येणारेही असतात. म्हणून पाण्यात उतरायचं नाही हा नियम घरातून निघतानाच मुलांना सांगून ठेवावा, तिथे पोचल्यावर नव्हे. काठावर खेळायचं तर एका मोठ्या माणसाने हातात मोबाईल न घेता फक्त मुलांकडे बघत उभं राहायचं. दर अर्ध्या तासाने पाळी बदलायची, आणि बदलताना ‘आता मी बघतो’ असं तोंडाने म्हणायचं. ‘सगळेच बघतायत’ असं धरून चाललं की कोणीच बघत नसतं.

दुसरं कारण दव. ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत पाण्यालगत पहाटे इतकं दव पडतं की बाहेर राहिलेले बूट पाण्यात बुडवल्यासारखे होतात. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली सरकते आणि रात्री पाण्याच्या कडेला साचते. वरच्या शेतात तेवढी थंडी जाणवत नाही. तिसरं कारण वारा. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला पहिल्या रांगेपुढे अडवायला काहीच नसतं, त्यामुळे टेंटचं कापड रात्रभर फडफडतं. मोठ्यांना त्याची सवय होते, मुलं मात्र दचकून उठतात. आणि सूर्योदय दोन्ही रांगांतून सारखाच दिसतो.

टेंट कसा तपासावा

भाड्याने मिळतात ते बहुतेक घुमटासारखे टेंट. ‘चार माणसांचा’ म्हणतात तो आतून साधारण सात बाय सात फूट असतो, म्हणजे चार जण खांद्याला खांदा लावून झोपले तरच मावतात आणि सामानाला जागा उरत नाही. सांगितलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. आई-वडील आणि दोन लहान मुलं असतील तर चारचा टेंट पुरतो. मुलं दहाच्या पुढची असतील तर दोन टेंट शेजारी शेजारी, दारं समोरासमोर येतील असे लावून मागावेत. आगाऊ सांगितलं तर तसे लावून देतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेंट एका कापडाचा आहे की दोन. चार माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्धा लिटर तरी बाष्प निघतं. एकेरी टेंटमध्ये ते थंड कापडावर आतून जमतं आणि पहाटे अंथरुणावर टपकतं. ‘टेंट गळतो’ अशी हिवाळ्यातली तक्रार बहुतेक वेळा याच पाण्याची असते, पावसाची किंवा छिद्राची नसते. दुहेरी टेंटमध्ये आतला भाग जाळीचा आणि वरचं आवरण वेगळं ताणलेलं असतं. बाष्प जाळीतून बाहेर पडतं आणि वरच्या कापडावर जमलेलं पाणी बाहेरच्या बाजूने ओघळून जातं. पण त्यासाठी दोन कापडांमध्ये चार बोटं तरी अंतर हवं. वरचं आवरण सैल पडून आतल्याला चिकटलं असेल तर दुहेरी असूनही उपयोग नाही. कॅम्पवरच्या मुलाला सांगून दोऱ्या पुन्हा ताणून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. थंडी वाजते म्हणून वरची जाळीची खिडकी बंद करू नका. ती बंद केली की आत आणखी ओल धरते आणि थंडी वाढते.

सामान आत टाकण्याआधी पाच गोष्टी बघायच्या आणि त्या उजेड असतानाच बघायच्या. सगळ्या झिपा तीन वेळा उघडून लावायच्या. वापरून सैल झालेल्या झिपेची गाडी पुढे जाते पण मागून दाते उघडे राहतात, आणि अशा झिपेतून रात्री काहीही आत येऊ शकतं. अशी निघाली तर टेंट बदलून मागा, ओशाळू नका. तळ तळव्याने दाबून ओल आहे का बघा. पाण्याची भरलेली बाटली आत आडवी ठेवा. ती घरंगळली तर उतार कुठल्या बाजूला आहे ते कळतं आणि डोकी चढाच्या बाजूला करता येतात. उतार आडवा असेल तर सकाळपर्यंत सगळं कुटुंब एका भिंतीशी गोळा होतं, त्यापेक्षा टेंटच फिरवून घ्यावा. खांब, म्हणजे फायबरच्या कांड्या, कुठे चिरलेल्या दिसल्या तर मुलांना तिथे हात लावू देऊ नका, त्याची कुसळं बोटात जातात आणि काढायला फार त्रास होतो. शेवटचं म्हणजे बाहेरच्या ताणदोऱ्या. अंधारात मुलं हमखास यांनाच अडखळतात. प्रत्येक दोरीला गुडघ्याच्या उंचीवर पांढरा रुमाल किंवा जुन्या बनियनची पट्टी बांधा.

अंथरूण हा या पॅकेजमधला सगळ्यात कच्चा भाग. एक-दीड इंची फोमची गादी, एक उशी आणि माणशी एक ब्लँकेट मिळतं. ब्लँकेट प्रत्येक पाहुण्यानंतर धुतलेलं असेल असं धरू नका. घरून प्रत्येकासाठी एक सुती चादर न्या, ती ब्लँकेट आणि अंग यांच्या मध्ये घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, तेव्हा थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. जास्तीचं ब्लँकेट मिळालं तर ते अंगावर न घेता गादीवर अंथरा, फरक लगेच जाणवतो. घरातली जाड सतरंजी किंवा गोधडी गाडीत टाकून नेली तर सगळ्यात उत्तम. मुलांना मध्ये झोपवायचं, मोठ्यांनी भिंतीकडे. झोपेत लोळून ओल्या कापडाला टेकलेलं मूल तासाभरात गारठून जागं होतं. झोपताना दिवसभराचे कपडे पूर्ण बदला, मोजेसुद्धा. दिवसभर घातलेल्या मोज्यांत घामाची ओल असते आणि रात्री तीच पाय गार करते.

जेवण

इथे चव बहुतेक ठिकाणी चांगली असते. घरातल्या बायकांच्या हातचा चिकनचा रस्सा, चपात्या किंवा भाकरी, वरण-भात. शाकाहारी लोकांना पनीर किंवा मिक्स भाजी, आणि शेवटी गुलाबजाम. अडचण वेळेची आहे. बार्बेक्यू आठला सुरू होतो आणि जेवण साडेनऊ-दहाला येतं, कारण सगळं वेळापत्रक तरुणांच्या ग्रुपसाठी बसवलेलं आहे. सहा वर्षांचं मूल तोवर उपाशीपोटी झोपतं किंवा भज्यांनी पोट भरून घेतं. बुकिंग करतानाच सांगा: मुलांचा वरण-भात साडेसातला, बिनतिखटाचा, वेगळ्या पातेल्यात. बहुतेक जण आनंदाने करून देतात, त्यांच्याही घरी मुलं असतात. पण हे फोनवर सांगून पुरत नाही. पोचल्यावर थेट चुलीजवळच्या माणसाला पुन्हा सांगावं लागतं, कारण फोन घेणारा आणि स्वयंपाक करणारा वेगळे असतात.

बार्बेक्यूच्या चिकनबद्दल सावध राहा. मसाला लावलेलं चिकन दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत डब्यात बाहेर असेल तर ते मुलांना देऊ नका. बर्फात ठेवलं आहे का, हे विचारा आणि बघा. निखारे नीट न फुलता ज्वाळेवरच भाजायला घेतलं तर बाहेरून काळं आणि हाडाजवळ गुलाबी राहतं. तुकडा मोडून हाडापाशी बघायचा. मुलांसाठी पनीर, बटाटा आणि मक्याचं कणीस हा सोपा मार्ग आहे. कणसं पवनानगरच्या बाजारात किंवा वाटेवर कामशेतला घ्या, भाजून द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

पिण्याचं पाणी वीस लिटरच्या जारचं असतं. जार सीलबंद येतो की विहिरीवर भरलेला, हे विचारायची लाज वाटू देऊ नका. लहान मुलांसाठी माणशी दोन लिटर घरचं पाणी न्यावं.

शौचालय

आमच्या मते कॅम्प निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, दृश्याचा फोटो नंतर. टेंटपासून किती पावलं, रात्री वाटेवर दिवा आहे का, कमोड आहे का, आणि किती टेंटमागे एक. चार-पाच टेंटमागे एक असेल तर ठीक. पंधरा टेंटमागे दोन असतील तर सकाळी सातला रांग लागते आणि मुलाला रांग कळत नाही. शंभर पावलांपेक्षा लांब असेल तर रात्री दोनला मूल उठवून अंधारातून चालत न्यावं लागतं. शनिवारी रात्री टाकीतलं पाणी संपणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे. कारण साधं आहे, टाकी पंचवीस माणसांची आणि पाहुणे साठ. म्हणून झोपण्याआधी एक बादली भरून टेंटजवळ आणून ठेवा. शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर शौचालयच दाखवायला सांगा. जो दाखवतो त्याच्याकडे जायला हरकत नाही.

शेकोटी आणि रात्र

मुलांना सगळ्यात जास्त आवडते ती शेकोटी, आणि इजाही बहुतेक तिथेच होते. मुलांना नायलॉनचं जॅकेट घालून जवळ बसवू नका. ठिणगीने ते पेटत नसलं तरी वितळून कातडीला चिकटतं. सुती किंवा लोकरीचं बरं. जमिनीवर काठीने दोन मीटरवर रेघ ओढा आणि मुलांची जागा रेघेबाहेर असं ठरवा. रेघ डोळ्यांना दिसते म्हणून मुलं ती पाळतात. दुसऱ्या दिवशी सकाळची शेकोटी रात्रीच्या शेकोटीहून धोक्याची असते. वर पांढरी राख, खाली निखारा जिवंत, आणि मुलं अनवाणी धावत सुटलेली. रात्री झोपण्याआधी त्यावर दोन बादल्या पाणी ओतायला लावा, काठीने ढवळून पुन्हा एक ओता.

टेंटच्या आत शेगडी, मेणबत्ती किंवा मच्छर अगरबत्ती लावायची नाही. बंद टेंटमध्ये कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यामुळे माणसं दगावतात, कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि जागही येत नाही. डासांसाठी मलम लावा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

मावळात घोणस, फुरसं, मण्यार हे विषारी साप आहेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाजवळ येते, म्हणून झिप पूर्ण लावलेली हवी आणि टेंटमध्ये खाऊ ठेवायचा नाही. खाऊमागे उंदीर येतात आणि उंदरामागे साप. चपला-बूट झटकून घालायचे, टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, प्रत्येक मुलाच्या गळ्यात स्वतःचा छोटा टॉर्च. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. मुलाला चालू न देता उचलून गाडीत घ्यायचं, १०८ ला फोन करायचा आणि सर्पदंशावरची लस (अँटी स्नेक व्हेनम) असलेल्या रुग्णालयात न्यायचं. ती लस जवळ कुठे आहे, हे संध्याकाळीच कॅम्पवाल्याला विचारून ठेवा.

आवाजाबद्दल स्पष्टच लिहायला हवं. शनिवारी पवनेवर शांतता मिळत नाही. शेजारच्या कॅम्पवर स्पीकर असतो आणि पाण्यावरून आवाज लांबपर्यंत येतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद असायला हवेत असा नियम आहे, तरी तुमचा कॅम्प तो पाळेल, शेजारचा पाळेलच असं नाही. मुलांची शाळा सांभाळून रविवार ते सोमवार जमवता आलं, किंवा नाताळच्या सुट्टीतला मंगळवार-बुधवार घेतला, तर तोच कॅम्प निम्म्या गर्दीत आणि कमी पैशांत मिळतो. चांदणंसुद्धा तेव्हाच दिसतं, कारण दिवे कमी असतात. अमावस्येच्या आसपासची तारीख बघा. मृग नक्षत्र डिसेंबरात रात्री आठ-नऊला पूर्वेला छान वर आलेलं असतं, आणि त्याच्या पोटातले तीन तारे मुलांना लगेच सापडतात.

बुकिंग

इंटरनेटवर दिसणारे बरेच नंबर एजंटचे असतात. एकच फोटो पाच नावांनी फिरतो आणि तुम्हाला कुठे पाठवायचं हे शुक्रवारी ठरतं. पैसे देण्याआधी जागेवरच्या माणसाचा नंबर मागा आणि त्याच्याशी बोला, गावाचं नाव विचारा, नकाशावरची खूण मागवा. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका, आणि पाऊस आला तर तारीख बदलून मिळेल का, हे लेखी मेसेजवर घ्या. बोटिंग, झिपलाइन असे प्रकार पॅकेजबाहेरचे असतात. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, तेव्हा नोंदणीचा कागद मागण्यात काही गैर नाही. बोटीत बसायचं तर मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट हवंच. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घालून खांद्याशी धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाणार. मापाचं नसेल तर बोट नाही.

कधी जावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात जमीन चिखल होते, वाऱ्याने टेंट उपटतात आणि मुलांना दिवसभर आत कोंडून ठेवावं लागतं. मार्चपासून पाणी खूप मागे हटतं, काठाला भेगाळलेला गाळ उरतो, आणि सकाळी आठलाच टेंट भट्टीसारखा तापतो. दोन वर्षांखालच्या बाळाला टेंटऐवजी याच गावांमधल्या घरगुती खोलीत ठेवावं. बऱ्याच कॅम्पवाल्यांकडे एखाद-दुसरी खोली असते.

पुण्याहून येताना कामशेतहून पवनानगरचा रस्ता सोपा. लोणावळ्याहून औंढोली, दुधिवरे खिंडीतून येणारा रस्ता सुंदर आहे पण वळणांचा, गाडी लागणाऱ्या मुलांना आधी हलकंच खायला द्या. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि साडेसहाला अंधार होतो, म्हणून चारच्या आत पोचाच. वर सांगितलेली सगळी तपासणी त्या दोन तासांत व्हायला हवी.

सकाळी नाश्ता झाल्यावर थेट घरी परतू नका. मुलं सहाच्या पुढची असतील तर लोहगड करा. लोहगडवाडीतून वरपर्यंत पायऱ्या आहेत, मुलांच्या चालीने तासभर लागतो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे एकामागून एक लागतात, ते मोजत गेलं की मुलं चढतात. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. माकडं खूप आहेत, खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका. जवळच्या तिकोना किल्ल्याच्या शेवटच्या पायऱ्या उभ्या आहेत, तो आठ-दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी ठेवा. आणि पाय दमलेले असतील तर कामशेतच्या वाटेवर बेडसे लेणी आहेत. पायऱ्या चढून गेलं की गार दगडी चैत्यगृह, त्याच्या दारातले उंच खांब, आणि शनिवार-रविवारीही कार्ल्याच्या मानाने फार कमी माणसं.